आढीतल्या तीन रचना

भागीकाकीला सही करता येत नव्हती. आंब्याच्या हंगामात बागेचा मुकादम हजेरीचं पुस्तक पुढे करी, तेव्हा ती डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून जोरात दाबायची आणि मग तो अंगठा पदराला पुसायची. तिच्या सगळ्या पातळांच्या पदरांना जांभळे डाग असत. आमच्या सात पिढ्यांत पदवी घेतलेला पहिला माणूस मी. ते प्रमाणपत्र आजही भिंतीवर आहे, त्याखाली मोठमोठ्या माणसांच्या सह्या आहेत. पण त्या सह्यांच्या शेजारी खरं तर एक जांभळा अंगठा हवा होता. अभ्यास म्हणजे काय, एखादी गोष्ट येते म्हणजे नक्की काय येतं, हे मला भागीकाकीने शिकवलं, आणि तेही जिच्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं त्या गिटारीवर. म्हणून माझ्या आठवणींच्या वहीतलं हे प्रकरण तिचं.

आम्ही राहत होतो ती बाग रत्नागिरी शहराच्या वरच्या अंगाला, कातळावर. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडलेले, त्यात बाहेरून आणलेली माती, आणि त्या मातीत कलमं. माझे बाबा त्या बागेत कामाला होते. बागेच्या टोकाला कामगारांच्या चार खोल्या होत्या, त्यातली पहिली आमची, दुसरी भागीकाकीची. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, मुलगी शाळेत. खोल्यांच्या समोर बागेतला माल ठेवायचा मांगर होता. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आत बारा महिने पेंढ्याचा वास. चैत्र-वैशाखात तिथे आंब्यांच्या आढ्या लागत आणि त्या आढ्यांची मालकीण भागीकाकी. बागेचे मालक दुसरे होते, पण आढीला हात लावायचा तर त्यांनाही काकीला विचारावं लागे. कच्चे आंबे पेंढ्यात थर लावून ठेवायचे, रोज नव्हे पण ठरलेल्या दिवशी उलगडून बघायचे, डागी काढायचे, पिवळट झालेले वेगळे करायचे, तयार झालेले पेटीत भरायचे. ती फळ नाकाजवळ न्यायची, देठाशी अंगठ्याने अगदी हलकं दाबायची आणि डोळे मिटून सांगायची, “ह्याला अजून दोन दिवस.” दोन दिवसांनी खरंच त्या फळाला रंग चढलेला असे.

गिटार आमच्या त्या जगात आली ती लिमये सरांमुळे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि सर आम्हाला फिजिक्स शिकवायचे. एकटे राहत, मांडवीला एका घराच्या माडीवर. एकदा मी प्रॅक्टिकलची वही द्यायला त्यांच्याकडे गेलो, तर जिन्यातच पाय थबकले. गिटार मी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात पाहिली होती. ती खराखरा खरवडायची वस्तू आहे असा माझा समज. इथे मात्र दोन माणसं एकमेकांशी शांतपणे बोलत असावीत तसं काहीतरी चाललं होतं. वर जाऊन पाहिलं तर सर एकटेच. डावा पाय एका छोट्या चौरंगावर, मांडीवर गिटार, समोर कागद. उजव्या हाताचा अंगठा खालच्या स्वरांचं एक गाणं वाजवतोय आणि बाकीची बोटं वर दुसरंच. खिडकीबाहेर समुद्र होता, पण मला तो त्या दिवशी दिसलाच नाही. मी वही हातात धरून उभाच राहिलो.

“काय रे, वही द्यायची आहे की परत न्यायची आहे?” सरांनी विचारलं. मी वही पुढे केली. त्यांनी माझा डावा हात ओढून बोटांची टोकं चेपून पाहिली. सुट्टीत बागेत कुदळ मारून ती टणक झालेली. “अर्धं काम झालेलंच आहे की तुझं,” ते म्हणाले. ही माझी प्रवेशपरीक्षा.

पुढचं वर्ष-दीड वर्ष दर शनिवारी मी मांडवीला जात होतो. सर फिजिक्स शिकवत तसेच गिटार शिकवत, पट्टी घेऊन. मनगट इतकं, कोपर इतकं, अंगठा असा. नंतर त्यांच्याकडे पडून असलेली जुनी गिटार त्यांनी मला सरावाला घरी न्यायला दिली. आणि मग एका जून महिन्यात त्यांना दापोलीच्या कॉलेजात चांगली जागा मिळाली. शेवटच्या शनिवारी त्यांनी माझ्यापुढे स्वतःच्या हाताने उतरवून काढलेल्या तीन रचना ठेवल्या. शाईच्या पेनाने, पट्टीने रेघा मारून, एकही खाडाखोड नाही. त्यांची परदेशी नावं मला तेव्हा नीट वाचताही येत नव्हती.

“वसंता, गिटार तुझ्याकडेच राहू दे,” सर म्हणाले. “दिवाळीच्या सुट्टीत मी येईन. तोवर या तिन्ही अख्ख्या बसव. अख्ख्या म्हणजे पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, न थांबता. बसल्या तर गिटार कायमची तुझी. नाही बसल्या तर मी परत नेईन. तिकडेही कुणीतरी शिकणारं भेटेल. न वाजणारं वाद्य मला घरात बघवत नाही, बाबा.”

मी तशी गिटार कधी विकत घेऊ शकलो नसतो. शिवाय रत्नागिरीत त्या वेळी तसली, नायलॉनच्या तारांची, दुसरी गिटार कुणाकडे असल्याचं मला माहीत नव्हतं. ही गेली म्हणजे सगळंच गेलं.

मी शाळेत हुशार गणला गेलेला मुलगा. हुशार मुलं संकटात काय करतात? वेळापत्रक करतात. आंब्याच्या पेटीतल्या पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मी चौकटी आखल्या. पहाटे पाच ते साडेपाच स्वरसप्तकं, साडेपाच ते सहा पहिली रचना, संध्याकाळी दुसरी, मग तिसरी, रविवारी तिन्ही. चार रंगांची स्केचपेनं वापरली. आईने त्याला हळदकुंकू लावलं आणि पुठ्ठा मांगराच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. खोलीत जागा नव्हती, आणि पावसाळ्यात मांगर रिकामाच असे, म्हणून सराव तिथे. एका कोपऱ्यात भागीकाकी काजूबिया निवडायला बसे. चांगली बी पत्र्याच्या डब्यात, किडकी जमिनीवर. डाव्या पायाखाली मी आंब्याची रिकामी पेटी पालथी घातली आणि सुरू झालो. झालं की चौकटीत बरोबरची खूण. पंधरा दिवसांत पुठ्ठा खुणांनी भरून गेला. इतका समाधानी मी परीक्षेतही कधी नव्हतो.

एका संध्याकाळी काकीने काजू निवडता निवडता विचारलं, “वश्या, त्या गाण्याचं पुढं काय होतं रे?”

“कुठल्या गाण्याचं?”

“हेच की. पंधरा दिवस आयकतेय. सुरवात माझी पाठ झालेली हाय. मग तू एका जाग्यावर अडखळतोस, च्च करतोस, आणि परत पहिल्यापास्नं. दुसऱ्याचंही तसंच, तिसऱ्याचंही तसंच. पुढं काय होतं ते कळतच नाय. माणूस मरतो का जगतो?”

मला राग आला. “काकी, हे बघ,” मी पुठ्ठा दाखवला. “एकही दिवस चुकलेला नाही.”

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं, लांबून पाहतात तसं. “माझ्याही हजेरीच्या पुस्तकात रोज अंगठा असतो,” ती म्हणाली. “मुकादम तेवढ्यावर खूश. मी दिवसभर पेंढ्यावर झोपा काढल्या तरी अंगठा तो अंगठाच. आंबा पिकला का, ते पुस्तकात नसतं मेल्या.”

मग तिने जे म्हटलं ते मी त्याच पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे एक वाईट चाल आहे; सगळेच नाही, पण काही जण पेटी भरताना वरचा थर निवडक लावतात, सोनेरी, एकसारखा, आणि खाली जे असेल ते. घेणारा झाकण उघडून खूश होतो आणि घरी जाऊन कपाळाला हात लावतो. काकीच्या हातून अशी पेटी कधी गेली नाही. “तू तीन पेट्या भरल्यास,” ती म्हणाली, “आणि तिन्हींचा नुसता वरचा थर लावलास. खाली पेंढा हाय, पेंढा.”

मी त्या रात्री जेवलो नाही असं लिहायला छान वाटलं असतं. पण आईने कुळथाची पिठी आणि भाजलेले सुके बोंबील केले होते, मी पोटभर जेवलो. जेवताना मात्र डोक्यात तोच थर.

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, “मग मी काय करू?”

“मला काय ठाऊक तुझ्या वाजपाचं,” काकी म्हणाली. “आढी कशी लावतात ते मला ठाऊक हाय. तुझ्या ह्या कागदाची फळं होतात का?”

स्वरलिपीत उभ्या रेघांनी खण पाडलेले असतात. मी तिला चार-चार खण मिळून एक फळ होईल असं दाखवलं. ती म्हणाली, “मग काढ वेगळी.” मी आईची कात्री आणली. आज तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो. लिमये सरांनी कित्येक संध्याकाळी खपून उतरवलेली ती पानं, मी त्यांच्या पट्ट्या पट्ट्या करून टाकल्या. नक्कल करून मग नक्कल कापावी एवढं पदवीच्या वाटेवरच्या मुलाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्या रचनेच्या नऊ चिठ्ठ्या झाल्या, दुसरीच्या बारा, तिसरीच्या सोळा. पाठीमागे नंबर घातले. काकीने तीन बांबूच्या टोपल्या आणल्या, तळाला पेंढा घातला, आणि म्हणाली, “ही कच्च्याची, ही पिवळटाची, ही तयारची. आता सगळी कच्च्यात टाक.”

“सुरुवात तर येते मला!”

“टाक म्हणते ना.”

तिचे नियम मी पुढे आयुष्यभर पाळले. गणिताचा मास्तर झालो तेव्हा मुलांनाही तेच सांगितले, त्यांना वाटे हे आपल्या सरांनी कुठल्या इंग्रजी पुस्तकात वाचलं असणार. मांगरात आलं की आधी डागी फळ शोधायचं, म्हणजे काल जिथे चुकलो ती चिठ्ठी, हात ताजे असताना. कच्ची फळं रोज दाबायची नाहीत. एक दिवस वाजवायची, एक दिवस पेंढ्यात राहू द्यायची. “रोज दाबलंस तर पिकायच्या आधी काळं पडेल.” पिवळट झालेली दोन दिवसांनी. तयार झालेलीही विसरायची नाहीत, चौथ्या दिवशी एकदा हुंगून ठेवायची. आणि पेटी तळापासून भरतात, म्हणून रचनाही शेवटच्या चिठ्ठीपासून बसवायची. शेवट आला की त्याच्या आधीची, मग तिच्या आधीची. याचा गुण मला महिनाभराने कळला. पूर्वी मी वाजवत पुढे जाई तसा अनोळखी प्रदेश लागे आणि मी अडखळे. आता पुढे जाई तशी ओळखीची वाट लागत होती, संध्याकाळी घराकडे परतताना लागते तशी.

सगळ्यात कडक नियम शेवटचा. चिठ्ठी एका टोपलीतून दुसरीत टाकायचं काम माझं नाही, काकीचं. “ज्याचं फळ, तो नेहमी पिकलं म्हणतो,” ती म्हणायची. तीनदा वाजवायचं, एकदाही न अडखळता. ती काजू निवडत बसलेली, पाठमोरी. अडखळलो की नुसतं “अजून नाय.” तिच्या डब्यात काजू पडायचा तो आवाजही इतका सारखा असे, टक, टक, टक, की मी त्याच तालावर वाजवू लागलो. बाजारात असा टकटक ताल देणारं यंत्र मिळतं हे मला फार नंतर कळलं. माझा नातू आता मोबाइलवर तसलं यंत्र लावतो आणि कोणती रचना कधी उजळायची याची आठवणही तोच मोबाइल करून देतो. चांगलं आहे. फक्त तो मोबाइल ‘अजून नाय’ म्हणत नाही.

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा पावसाळा. कौलांवर इतका आवाज असे की कधीकधी मला माझीच गिटार ऐकू येत नसे. काकीला कशी येई देव जाणे. तिने रचनांना नावं ठेवली. पहिली ‘होडीची’, कारण ती हलकी डुलते. दुसरी ‘देवळातली’. तिसरी ‘शिडीची’, कारण तिच्या मध्यावर स्वर चढत जातात आणि पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम आडव्या दाबून धरत हात वर सरकवायचा असतो. मला तिथे घाम फुटायचा. उजव्या हाताची नखं मी वाढवली होती, तारा छेडायला लागतात म्हणून, आणि आईला ते अजिबात खपत नव्हतं. “भातात बुडतात ती! चमच्याने जेव नाहीतर अंगणात जेव.” कॉलेजातली मुलं नखांवरून काय काय बोलत ते इथे लिहीत नाही. गणपतीत काकीचा नवरा मुंबईहून आला तेव्हा काकीने निरोप पाठवून त्याच्याकडून तारांचा नवा जुडगा मागवला होता. मी पैसे द्यायला गेलो तर म्हणाली, “काजू निवडताना फुकट गाणं आयकते ते? ठेव.”

दिवाळी आली. घरोघर गूळपोह्यांचा वास. पहिल्या दोन रचना तयारच्या टोपलीत जाऊन महिना झाला होता. तिसरीच्या सोळापैकी चौदा चिठ्ठ्याही तिथेच. उरल्या फक्त दोन, शिडीच्या मधल्या, आठवी आणि नववी. त्या कच्च्याच्या टोपलीत अशा पडून होत्या, जशा काही तिथेच जन्मल्या.

सर दुपारी अडीचला आले, छत्री आणि पिशवी घेऊन. आईने पोहे दिले, बाबा दाराशी उभे राहिले, भागीकाकी नेहमीच्या कोपऱ्यात. मी पेटीवर पाय ठेवला. ‘होडीची’ वाजली. सरांनी चमचा खाली ठेवला. ‘देवळातली’ वाजली. सर म्हणाले, “स्वच्छ.” दीड वर्षात हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

“चारची दापोलीची एसटी चुकली तर मग थेट साडेसहाची. असं कर वसंता, तिसरीची नुसती सुरुवात वाजव. दोन ओळी. मला तेवढ्यावरून कळतं. मग मी निघतो, आणि गिटार तुझी.”

तिसरीची सुरुवात! जून महिन्यापासून घोटलेली, झोपेत उठवलं तरी वाजवीन अशी. सरांचा उजवा हात छत्रीकडे गेलेला होता. बाबांचा चेहरा उजळला. माझी बोटं आपोआप जागेवर जाऊन बसली. मी भागीकाकीकडे पाहिलं. ती काजू निवडत होती. तिने वर पाहिलंच नाही. पण तिच्या पलीकडे ती टोपली होती, आणि टोपलीच्या कडेवरून एका चिठ्ठीचं टोक वर आलेलं होतं.

“सर,” मी म्हणालो, “सुरुवात येते. शेवटही येतो. मधलं अजून येत नाही.”

“किती येत नाही?”

“दोन चिठ्ठ्या.”

“चिठ्ठ्या म्हणजे?”

आता सांगणं भागच होतं. मी उठलो आणि तिन्ही टोपल्या त्यांच्यापुढे आणून ठेवल्या. सरांनी एक चिठ्ठी उचलली, चष्म्याजवळ नेली. मग दुसरी. मांगरात फक्त काजूचा टक टक आवाज, आणि मग तोही थांबला.

“हे माझं अक्षर आहे,” सर म्हणाले. “तू माझी पानं कापलीस?”

“मी कापायला लावली, मास्तर,” काकी उठून पुढे आली. “पोराला बोलू नका. आढी लावायची तर फळं सुटी नको?”

“कसली आढी?”

मग काकीने त्यांना सांगितलं, हात हलवून, टोपल्या पुढे सरकवून, जसं नव्या बाईला आढीचं काम शिकवावं तसं. सर आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग त्यांनी मध्येच विचारलं, “कच्चं रोज का नाही?” काकीने सांगितलं. “शेवटापासून का?” तेही सांगितलं. “आणि टोपली बदलायचं तुम्ही ठरवायचं? तुम्हाला गिटार कळते?” काकी म्हणाली, “अडखळलेला पाय कळायला चालणाऱ्याचं गाव कशाला ठाऊक पाहिजे?” सरांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि त्यात काहीतरी लिहू लागले. चारची दापोली कधीच गेली होती.

“वाजव आता,” ते म्हणाले. “आहे तशी. अख्खी.”

मी वाजवली. आठव्या चिठ्ठीवर हात घसरला, नववीवर थांबलो, श्वास घेतला, पुढे गेलो, शेवटाला पोचलो. घाम पुसायचंही भान नव्हतं.

“गिटार अजून तुझी झाली नाही,” सर म्हणाले. “पण मी नेतही नाही. कच्चं फळ कुणी गाडीत घालतं का?”

“घालतात की मास्तर,” काकी म्हणाली. “मुंबईला सगळं कच्चंच जातं.”

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. “मग माझं उदाहरण चुकलं. मे महिन्यात आंबे न्यायला येतो, तेव्हा बघू.”

संध्याकाळी मी काकीला विचारलं, “मी नुसती सुरुवात वाजवली असती, तर तू काही बोलली असतीस?”

“मी कशाला बोलू?” ती म्हणाली. “पेटी घरी जाऊन फोडणारा बोलतो. आणि तुझी पेटी तुझ्याच घरी होती.”

होळीनंतर काकीचा नवरा गिरणी सोडून कायमचा परत आला आणि ती तिघं त्यांच्या गावी, दापोलीच्या पलीकडे मुरुडजवळ, शेती करायला निघाली. एसटीला निघण्याआधी सामान दारात असताना मी म्हटलं, “काकी, त्या दोन तेवढ्या टाक ना टोपलीत.” ती म्हणाली, “वाजव बघू.” मी अंगणातच बसून वाजवलं आणि अडखळलो. “अजून नाय,” ती म्हणाली, “पुढच्या खेपेला.” आणि गेली. चिठ्ठ्या माझ्या हाती देऊन टोपल्यांतली एक तिने कपड्यांसाठी बरोबर नेली, तयारची.

मे महिन्यात मी ‘शिडीची’ सरांना अख्खी वाजवून दाखवली. दाराबाहेर जाऊन त्यांनी गिटारीची काळी पेटी आत आणली. दापोलीहून एसटीच्या टपावर टाकून ती रिकामी पेटी ते घेऊन आले होते. म्हणजे गिटार माझीच करायची, हे निघतानाच त्यांनी ठरवलं होतं. आंब्याची पेटी घेऊन ते गेले. त्या वर्षीची आढी दुसऱ्या बाईने लावली होती. पेटी मी उघडून खालचा थर तपासून दिली.

सर आता नाहीत. गिटार आहे, एकदा सांधलेली. आठवी आणि नववी चिठ्ठी एका लिफाफ्यात आहेत. काकी आता दापोलीला मुलीकडे असते, नात तिला पेपर वाचून दाखवते. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे लग्नाला गेलो, बारशाला गेलो, काकांच्या तेराव्याला गेलो. दर वेळी तिने विचारलं, “तिसऱ्याचं काय झालं रे?” मी म्हणत आलो, “बसलं की काकी, केव्हाच.” ती म्हणायची, “मी नाय आयकलं.” गिटार एसटीत कशी न्यायची, हे माझं ठरलेलं उत्तर. हे प्रकरण लिहीत असताना ते उत्तर मलाच पटेना. म्हणून लेखन बाजूला ठेवून आधी पत्र लिहिलं. ते असं.

ती. भागीकाकीस,
वसंताचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मनाली तुला वाचून दाखवेल. मनाली, सावकाश वाच, आजीला घाईचं वाचलेलं आवडत नाही.

काकी, तुझ्यावर मी वहीत दहा पानं लिहिली. तू कशी बोलायचीस ते लिहिलं, पदराच्या जांभळ्या डागांबद्दल लिहिलं. रागावू नकोस. लिहिताना मोजलं, तर तुझ्या टोपल्यांतून मी पुढे एकवीस रचना पिकवल्या. आता टोपल्यांऐवजी स्टीलचे तीन डबे आहेत, पण डागी आधी काढतो आणि कच्चं रोज दाबत नाही. गेल्या वर्षी निवृत्त झालो, तेव्हा शाळेतल्या मुलांना ‘होडीची’ आणि ‘देवळातली’ वाजवून दाखवली. ‘शिडीची’ वाजवली नाही. ती तुझी राहिलीय.

तू ती तुकड्या तुकड्यांनी ऐकलीस, शेवटाकडून सुरुवातीकडे. अख्खी कधीच नाही. पुढं काय होतं, माणूस मरतो का जगतो, असं तू विचारलं होतंस, आणि मी तुला इतकी वर्षं ताटकळत ठेवलं.

येत्या रविवारी सकाळच्या दापोली गाडीने येतोय. गिटार मांडीवर घेऊन बसणार आहे, कंडक्टर काय म्हणायचं ते म्हणो. पायाखाली घालायला आंब्याची एखादी रिकामी पेटी शोधून ठेव. तुझ्याकडची ती टोपलीही काढून ठेव, मोडली असली तरी चालेल. आठवी आणि नववी चिठ्ठी खिशात घालून आणतोय. सरांना बसली वाटली, मला बसली वाटली, पण टोपलीत टाकायचं काम आमचं नव्हे.

तीनदा वाजवीन. तू पाठ करून बस. एकदा जरी अडखळलो, तर अजून नाय म्हण. मी पुढच्या खेपेला परत येईन.

तुझा,
वश्या